दोन थेंबांची बाटली आणि जळगावचा मे महिना

सोमवारी सकाळी कॉलेजात शिरतानाच गेटवरच्या काकांनी हाक मारली, "ओ मॅडम, तुमनं पार्सल येल शे, शुक्रवारपाईन पडेल शे." आणि माझ्या पोटात गोळाच आला.

शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरवाला आलेला, डिपार्टमेंट बंद म्हणून गेटवर ठेवून गेला, शनिवारी कसली तरी सुट्टी, रविवार तर रविवारच. म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ तो थर्मोकोलचा डबा काकांच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, त्यांच्या जेवणाच्या डब्याशेजारी. जळगावात. मे महिन्यात. ज्यांना आमच्याकडचा मे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पारा ४४-४५ ला टेकतो, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि पत्र्याच्या केबिनमध्ये किती होत असेल त्याचा विचार न केलेला बरा, काका स्वतः दुपारी लिंबाखाली खाट टाकून बसतात.

डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं की आल्या आल्या उणे २० ला ठेवा. पण इंग्रजीत. काकांचा काय दोष.

डबा उघडला तर आतल्या जेल पॅकचं कोमट पाणी झालेलं, शेकायला घेतो ना आपण पिशवी, तसं. आणि मधे प्लॅस्टिकच्या पुडीत ती अँटिबॉडीची बाटली. बाटली तरी काय म्हणायची, करंगळीच्या पेरापेक्षा जरा मोठी नळी, तिच्या तळाला १०० मायक्रोलिटर द्रव. म्हणजे साधारण दोन थेंब. किंमत टॅक्स-बिक्स धरून ४० हजारांच्या आसपास.

ही किंमत मी घरी सांगायची चूक एकदा केलेली. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, नाना कापूस लावतात. मायला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली. "माय वं! इतलुशी बाटलीना इतला पैसा? त्यामा काय सोनं शे का?" मग तिने मनातल्या मनात हिशोब केला, आणि नानांकडे बघून म्हणाली की सहा क्विंटल कापूस व्हयना हाऊ. त्यानंतर आमच्या घरात त्या बाटलीचं नावच 'सहा क्विंटल' पडलं. भाऊ फोनवर विचारतो, काय म्हणतं तुझं सहा क्विंटल.

तर हे सहा क्विंटल म्हणजे काय ते आधी सांगते, मग पुढची रडकथा.

मायला मी असं समजावलं होतं. शेतात कोणाला साप चावला तर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते कसं बनतं? घोड्याला विष थोडं थोडं देतात, त्याचं अंग त्या विषाविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे ते विष ओळखून पकडणारी प्रोटीनं, तयार करतं, मग घोड्याचं रक्त काढून त्यातनं त्या वेगळ्या करतात. आपल्याकडे जे इंजेक्शन मिळतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. हे तिला लगेच पटलं, कारण कापूस वेचताना घोणस निघणं आमच्याकडे नवलाचं नाही. "मंग हाई भी सापना इंजेक्शनसारखं शे का?" हो माय, तसंच, फक्त घोड्याऐवजी ससा, आणि विषाऐवजी एका प्रोटीनचा छोटासा तुकडा. आणि ही कोणाला टोचायची नाही, हिने नुसतं शोधायचं.

शोधायचं काय, तर ईआरके नावाचं प्रोटीन. पेशीच्या बाहेरून निरोप आला, समजा वाढीचा निरोप, ईजीएफ म्हणतात त्याला, तर तो पेशीच्या पडद्यावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रोटीनला, येऊन चिकटतो, तिथून आत रास नावाच्या प्रोटीनला कळतं, रास राफला सांगतो, राफ मेकला, मेक ईआरकेला, आणि ईआरके पार केंद्रकात जाऊन सांगतो की चला, वाढायचं आहे. गावात दवंडी पिटायच्या आधी कसं तलाठ्याकडून कोतवालापर्यंत निरोप यायचा तसलीच साखळी. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा याच साखळीतलं कोणीतरी बिघडलेलं असतं, वरून निरोप आलेला नसतानाही दवंडी चालूच. माझं काम असं की सातपुड्यातल्या एका झाडाच्या सालीचा अर्क दिल्यावर ही दवंडी थांबते का ते बघायचं, हीला पेशींवर. हीला म्हणजे १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गाठीतून घेतलेल्या पेशी, त्या अजून जगभर वाढतायत. आमच्याकडे त्या पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतून आल्या. आता तिच्या पेशींना जळगावचं पाणी लागलंय.

गंमत अशी की ईआरके पेशीत कायमच असतो. निरोप आला म्हणून तो जास्त होतो असं नाही. निरोप आला की त्याच्यावर दोन ठिकाणी फॉस्फेट चिकटतं, थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४, म्हणजे प्रोटीनच्या माळेतला २०२ वा आणि २०४ वा मणी, बस. लग्नपत्रिका छापून आणली की गठ्ठा घरात पडलेला असतो, पण देवापुढे ठेवून कोपऱ्याला हळद-कुंकवाचं बोट लावलं की ती पत्रिका 'लागली', आता ती वाटायची. फॉस्फेट म्हणजे ते कुंकवाचं बोट. आणि माझी अँटिबॉडी अशी की तिला कुंकू लावलेली पत्रिकाच दिसते, कोरी दिसतच नाही. ४४ हजार डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं माप) प्रोटीनवर ८० डाल्टनचं एक फॉस्फेट, वजनावरून ते काय कळणार, पण हिला कळतं. मला अजूनही कधीकधी याचं नवल वाटतं, म्हणजे एवढ्या शिव्या घातल्यावरसुद्धा.

(फॉस्फेट लावणं-पुसणं हा पेशीचा चालू-बंदचा खटका आहे हे १९५० च्या दशकात क्रेब्ज आणि फिशर या दोघांनी स्नायूंवर काम करताना दाखवलं, नोबेल मिळालं १९९२ ला. एवढी वाट बघायची तयारी असेल तर पीएचडी करा.)

हां तर बाटली. सर म्हणाले ठेव उणे २० ला, बघू. दुसऱ्या दिवशी फ्रीझरमधून काढली तर आतला द्रव पातळच. शेजारच्या सगळ्या नळ्या गोठून दगड झालेल्या आणि ही पाण्यासारखी हलतेय. सरांनी बघितलं आणि म्हणाले, गेली ही, हिचं काहीतरी झालंय. माझ्या डोळ्यात पाणी. मग रात्री सोबत आलेला कागद नीट वाचला, त्यात लिहिलेलं की ५० टक्के ग्लिसरॉल आहे. ग्लिसरॉल असलं की उणे २० ला गोठत नाही, मुद्दाम तसंच केलेलं असतं, गोठणं-वितळणं गोठणं-वितळणं यानं प्रोटीन खराब होतं म्हणून. म्हणजे पातळ आहे तेच बरोबर आहे. ते कळेपर्यंत मी घरी फोन करून 'सहा क्विंटल वाया गेला' असं सांगून मोकळी झालेली होते आणि माय देवाला नारळ बोलून मोकळी झालेली होती.

पण संशय एकदा बसला की बसला. पुढचे दोन महिने जे काही बिघडलं त्याचं खापर शुक्रवार ते सोमवारवर.

आणि बिघडलं तर सगळंच. ही अँटिबॉडी वापरून प्रोटीन शोधायच्या पद्धतीला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात, तो करतात असा: पेशी फोडायच्या, त्यातली प्रोटीनं जेलमध्ये वजनाप्रमाणे पळवायची, मग जेलवरून एका कागदासारख्या मेम्ब्रेनवर उतरवून घ्यायची, मग त्याच्यावर अँटिबॉडी रात्रभर चार डिग्रीला हलवत ठेवायची, सकाळी धुवायचं, मग दुसरी अँटिबॉडी, ही बकरीत बनवलेली असते आणि सशाच्या अँटिबॉडीला पकडते, तिला एक एन्झाइम जोडलेलं असतं ते उजेड पाडतं, तो उजेड फिल्मवर पकडायचा. पद्धत १९७९ ची, आणि नाव कसं पडलं तर १९७५ मध्ये सदर्न आडनावाच्या माणसाने डीएनएचा ब्लॉट केला म्हणून तो सदर्न, मग आरएनएचा तो गमतीने नॉर्दर्न, आणि १९८१ मध्ये बर्नेट नावाच्या संशोधकाने प्रोटीनचा तो वेस्टर्न करून टाकला. आम्ही उत्तर महाराष्ट्रात बसून वेस्टर्न करतो, तेही येत नाही ती गोष्ट वेगळी.

आमच्याकडे फोटो काढायचं मशीन नाही, एक्स-रे फिल्मच. डार्करूम म्हणजे जुनी स्टोअररूम, खिडकीला काळा कागद, पंखा नाही कारण पंख्याच्या भोकातून उजेड येतो. मेमध्ये आत लाल दिव्यात उभं राहायचं, डेव्हलपरच इतका गरम की फिल्म टाकली की भराभर काळी पडते, नाकावरून घाम ट्रेमध्ये पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला. बाहेर आले की शिपाई मामा म्हणायचे शेतातून आलीस की काय.

पहिला ब्लॉट: कोरा. दुसरा: कोरा. तिसऱ्याला सगळी फिल्म काळी, पट्टे-बिट्टे काही नाही, नुसता अंधार. तो माझा दुधाचा ब्लॉट. आमच्या सिनिअरने लिहून ठेवलेली पद्धत होती त्यात मेम्ब्रेनच्या मोकळ्या जागा झाकायला पाच टक्के दूध पावडर, अँटिबॉडीही त्यातच मिसळायची. दुकानातली साधी पावडर चालते, स्वस्त आणि मस्त. पण दुधातलं केसिन हे स्वतःच फॉस्फेटवालं प्रोटीन आहे, म्हणून फॉस्फो अँटिबॉडीला दूध नको, बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं एक प्रोटीन, वापरा असं सांगतात. आता माझी फिल्म त्यानेच काळी झाली की मी धुण्यात कमी पडले की डेव्हलपर तापला होता, खरं सांगायचं तर तिन्ही असेल. पण मी दूध सोडलं. बीएसए मागवायला सरांच्या सही-शिक्क्यात पंधरा दिवस गेले, तोपर्यंत उरलेल्या पावडरीचा डिपार्टमेंटने चहा केला.

बीएसएवर चौथा ब्लॉट: स्वच्छ, सुंदर, आणि कोरा.

एकेका ब्लॉटला १० मायक्रोलिटर जातात हो. हजारपट पातळ करायची म्हणजे १० मिलीला १०. शंभर मायक्रोलिटरमध्ये दहा ब्लॉट, त्यातले चार गेले. वापरलेली पातळ अँटिबॉडी आम्ही सगळेच परत परत वापरतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण जिथे एकदाही काही दिसलं नाही ती परत वापरून काय कपाळ दिसणार.

मग सर म्हणाले तक्रार कर. केली. कंपनीच्या विक्रेत्याला मेल, कुरिअरला मेल, फोटो, पार्सलवरची तारीख, सगळं. विक्रेता म्हणाला आमच्याकडून वेळेत निघालं, कुरिअरवाला म्हणाला आम्ही वेळेत पोचवलं, सही आहे. सही काकांची. काका बिचारे रोज मला विचारायचे, "मॅडम, मनामुळे काही खराब व्हयनं का?" आणि मी तोंडाने नाही नाही म्हणायचे आणि मनात मात्र हो म्हणायचे. याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी माझी एक मैत्रीण, पुण्यात एका लॅबमध्ये आहे, एमएस्सीला आम्ही एकाच रूमवर होतो, तिने फोनवर सरळ विचारलं, "अगं, तुझा पॉझिटिव्ह कंट्रोल काय म्हणतो?" मी गप्प. माझ्याकडे पॉझिटिव्ह कंट्रोलच नव्हता. म्हणजे असं एकही सॅम्पल नव्हतं ज्यात फॉस्फो ईआरके नक्की आहे हे मला माहीत आहे. अँटिबॉडी मेलीय की सॅम्पल मेलंय हे मी कशावरून ठरवत होते? नुसत्या उन्हावरून. ती म्हणाली थांब, मी पाठवते, आणि तिची बहीण महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावला सासरी येत होती तिच्या हाती एक थर्मास दिला, त्यात बर्फ, बर्फात दोन छोट्या नळ्या. एकीवर लिहिलेलं 'उपाशी', दुसरीवर 'ईजीएफ ५ मि.'. उपाशी म्हणजे रात्रभर सीरम न दिलेल्या हीला पेशी, ज्यांच्यात निरोप बंद, आणि दुसऱ्या तशाच पण पाच मिनिटं ईजीएफ दिलेल्या. बहिणीला वाटलं थर्मासमध्ये श्रीखंड आहे. स्टेशनवर मला देताना म्हणाली, ताई लवकर फ्रीजमध्ये ठेवा आंबट होईल.

त्या रात्री जेलमध्ये चार सॅम्पल, दोन पुण्याची, दोन माझी. दुसऱ्या दिवशी डार्करूममध्ये एक मिनिटाची फिल्म टाकली, आणि डेव्हलपरमध्ये हळूहळू, पुण्याच्या 'ईजीएफ' वाल्या रांगेत, एकाखाली एक दोन काळ्या रेघा उगवल्या. ४४ आणि ४२ हजार डाल्टनला, ईआरकेची दोन भावंडं. 'उपाशी' वाल्यात जवळपास काही नाही. माझ्या दोन्ही रांगा कोऱ्या करकरीत.

म्हणजे अँटिबॉडी ठणठणीत होती. अडीच दिवस पत्र्याखाली बसून आलेली ती ससुली अगदी जिवंत होती, नुसती जिवंत नाही, ज्याला कुंकू लागलंय तेच बरोबर दाखवत होती. नंतर वाचलं तर अँटिबॉडी हा प्रकार तसा काटक असतो, चार दिवस ऊन लागलं म्हणून लगेच मरत नाही, उणे २० वगैरे आहे ते वर्षानुवर्षं टिकावी म्हणून. आणि मेलेलं होतं ते माझं सॅम्पल.

आता मी कुठे कुठे माती खाल्ली ते ऐका.

एक म्हणजे मी ईजीएफ देऊन तासभर थांबत होते. मला वाटायचं जास्त वेळ दिला म्हणजे जास्त दिसेल, डाळीला शिट्ट्या देतो तसं. पण हा निरोप पाच-दहा मिनिटांत टिपेला जातो आणि मग उतरायला लागतो, लग्नाला तिसऱ्या दिवशी गेलं तर मांडव सोडताना दिसतो.

दुसरं, ऑर्थोव्हॅनेडेट. पेशी फोडल्या की आतली फॉस्फेटेझ नावाची एन्झाइमं मोकाट सुटतात आणि सगळ्या पत्रिकांवरचं कुंकू पुसत सुटतात. त्यांचे हात बांधायला लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट, सोडियम फ्लोराइड असलं घालावं लागतं. आमच्या फ्रीजमध्ये व्हॅनेडेटची बाटली होती, हळदीच्या पाण्यासारखी पिवळीधमक, मी आपलं समजत होते की ते असंच असतं. असं नसतं! पिवळं म्हणजे त्याचे रेणू एकमेकांना चिकटून बसलेत, ते काम करत नाही. पीएच १० ला आणायचं, उकळायचं, रंग जाईपर्यंत, थंड करायचं, परत पीएच १०, परत उकळायचं, असं बिनरंगाचं पाणी होऊन तसंच राहीपर्यंत. कोणीतरी कधीतरी न उकळताच करून ठेवलेलं, आणि त्याच्यावर तारीखही नव्हती. फ्लोराइड तर मी घातलंच नव्हतं, संपलेलं होतं, म्हटलं व्हॅनेडेट आहे ना.

तिसरं, बर्फ. हे खास आमच्याकडचं. पद्धतीत प्रत्येक ओळीला लिहिलेलं असतं, बर्फावर करा, बर्फावर ठेवा, बर्फगार पीबीएसने (मिठाच्या द्रावणाने) धुवा. आमचं बर्फाचं मशीन मार्चमध्येच बसलेलं. म्हणून मी स्कूटीवर बर्फाच्या कारखान्यात जायचे, तिथले जिभाऊ गोणपाटात लादीचा तुकडा गुंडाळून द्यायचे, दर वेळी विचारायचे, "ताई, लगीन शे का घरमा?" कारण त्या दिवसांत लादी नेतात ती लग्नातल्या मठ्ठ्याला नाहीतर पाण्याच्या टाकीला. पाच किलोमीटर येईपर्यंत अर्धं गोणपाट ओलं, लॅबला एसी नाही, सहा प्लेट एकामागे एक धुवायच्या, सहाव्या प्लेटपर्यंत खाली बर्फ नसायचाच, पाणीच. आणि पहिली ते सहावी यात वीस मिनिटं जायची. वीस मिनिटं, खोली ३८-३९ डिग्री, म्हणजे पेशीच्या एन्झाइमांना अगदी घरच्यासारखं. कुंकू पुसायला त्यांना काय तास लागतो?

हे सगळं मैत्रिणीला सांगितलं तर ती हसत सुटली, म्हणाली, "अगं, मग बर्फाच्या मागे लागतेसच कशाला? मीडिया ओढून घे आणि प्लेटवर डायरेक्ट उकळता सॅम्पल बफर ओत." मी म्हटलं, काय? तर खरंच, मीडिया म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात तो काढून टाकायचा, एसडीएस या साबणासारख्या रसायनाचा सॅम्पल बफर ९५ डिग्रीला गरम करायचा आणि सरळ पेशींवर ओतायचा. क्षणात सगळी एन्झाइमं खलास, पुसणारीही आणि लावणारीही, ज्या पत्रिकेवर जेवढं कुंकू होतं तेवढंच राहतं. सगळ्यांना नाही चालत ही पद्धत, एसडीएसमुळे नेहमीची प्रोटीन मोजायची टेस्ट होत नाही, त्यामुळे आधी पेशी मोजून सगळ्या प्लेटमध्ये सारख्या टाकाव्या लागतात, आणि डीएनए सुटून सगळं चिकट होतं, पिपेटला तार लागते पाकासारखी, मग सुईतून दहा वेळा वर-खाली ओढायचं. पण बर्फ लागत नाही. दोन महिने मी जळगावात थंडी शोधत फिरत होते, गोणपाट घेऊन, आणि जळगावात जी पाहिजे तेवढी मिळते त्या गरमीत काम होणारं होतं.

सहावा ब्लॉट. उपाशी पेशी, पाच मिनिटं ईजीएफ, अर्क देऊन ईजीएफ, आणि चौथ्या रांगेत यू०१२६ हे मेकला अडवणारं औषध देऊन ईजीएफ, म्हणजे आता निगेटिव्ह कंट्रोलसुद्धा, जिथे रेघ यायलाच नको. दुसऱ्या रांगेत दोन काळ्या रेघा. चौथ्यात नाही. तिसऱ्यात आहेत, पण फिक्या. माझ्या अर्काने काहीतरी केलं होतं! मी ओली फिल्म हातात धरून कॉरिडॉरमध्ये पळाले, फिक्सरचे डाग अजून आहेत त्या ओढणीवर.

सरांनी फिल्म उजेडात धरली, चष्मा वर केला, आणि म्हणाले, लोडिंग कंट्रोल? म्हणजे चारही रांगांत प्रोटीन सारखंच होतं हे कशावरून. बरोबर आहे. तर मी उत्साहात त्याच मेम्ब्रेनवर बीटा ॲक्टिनची, म्हणजे सगळ्या पेशींत साधारण सारखंच असणाऱ्या प्रोटीनची, अँटिबॉडी टाकली, आणि सगळ्या रांगांत ४२ ला दणदणीत पट्टा आला आणि माझा ४२ चा ईआरके त्याच्याखाली गडप. ॲक्टिनचं वजनही ४२ आहे. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे. सर काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं.

मग स्ट्रिपिंग, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या जुन्या अँटिबॉडी काढून टाकायच्या, बीटा मर्कॅप्टोइथेनॉल घालून ५० डिग्रीला. त्याचा वास ज्याने घेतलाय त्यालाच माहीत, नासलेली अंडी आणि जळलेलं रबर यांचं लग्न लावलं तर. कँटीनवाल्याने गॅस गळतोय म्हणून सिलेंडर बंद करून मुलांना बाहेर काढलं. त्यावर नंतर टोटल ईआरकेची अँटिबॉडी लावली, जी कोऱ्या-लागलेल्या सगळ्याच पत्रिका मोजते, ती पुण्याहूनच दहा मायक्रोलिटर उधार. चारही रांगांत सारखे पट्टे. तेव्हा सर म्हणाले, हां, आता बोल. आणि असंच अजून दोनदा करून दाखव.

त्यानंतर मी या अँटिबॉडींबद्दल वाचत सुटले. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिल्श्टाइन यांनी अँटिबॉडी बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडली, म्हणजे एकाच साच्यातली अँटिबॉडी हवी तितकी, कायम. १९८४ चं नोबेल. आणि त्यांच्या कामाचं पेटंटच घेतलं गेलं नाही, आज त्यावर केवढा धंदा चालतो बघा. त्याआधी आणि अजूनही, प्राण्याच्या रक्तातून काढलेली पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक साच्यांची मिसळ, ससा बदलला की माल थोडा बदलतो. २०१५ मध्ये शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी मिळून नेचरमध्ये लिहिलं होतं की संशोधनातल्या अँटिबॉडींमध्ये फार गोंधळ आहे, कितीतरी जणी जे सांगतात ते ओळखतच नाहीत, तर यांचा जीन सिक्वेन्स माहीत असलेल्याच वापरा. मला ते पटतं. पण माझ्या बाबतीत सशाने त्याचं काम चोख केलेलं होतं, गोंधळ घालणारी मी, आणि असे 'अँटिबॉडी खराब निघाली' म्हणून बंद केलेले किती ब्लॉट आपल्याकडे लॅबालॅबात पडले असतील, ज्यांच्यात खरी खराबी फ्रीजमधल्या पिवळ्या बाटलीत होती, ते कोण मोजणार?

तक्रारीचं काय केलं? मागे घेतली. मेल लिहायला मला एक अख्खी दुपार लागली. विक्रेत्याकडून एका ओळीचं उत्तर आलं, आणि खाली नवीन दरपत्रक जोडलेलं.

काकांना जाऊन सांगितलं की तुमच्यामुळे काही खराब झालं नव्हतं, माझंच चुकलेलं. ते म्हणाले, "मी तं तवयच सांगेल व्हतं." कधी सांगितलं होतं देव जाणे. पण आता त्यांनी कँटीनवाल्याशी बोलून त्याच्या डीप फ्रीझरचा एक कोपरा घेतलाय, आइस्क्रीमच्या कपांशेजारी, आणि थर्मोकोलचा कुठलाही डबा आला की तो तिथे जातो. मागच्या आठवड्यात फिजिक्सच्या सरांचं काचेच्या लेन्सचं पार्सल आलं होतं, थर्मोकोलमध्येच, तेही दोन दिवस तिथे गारठत पडलेलं.